जुन्या लष्करी जीपची ट्रान्सफर केस तापते: खोलण्याआधी काय पाहावे आणि खोलल्यावर काय करावे

घाट चढून आलेल्या जुन्या जीपच्या पोटाखाली हात घालावा आणि ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) बोट लागताच तो झटकन मागे घ्यावा लागावा, हा अनुभव अशा गाडीच्या बहुतेक मालकांनी कधी ना कधी घेतलेला असतो. त्यानंतर गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो केस उतरवून खोलण्याचा. हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो, असे माझे मत आहे. केसमध्ये जाणवणारी उष्णता पुष्कळदा केसमध्ये निर्माण झालेलीच नसते. ती हँडब्रेकच्या ड्रममधून, टायरांच्या तफावतीतून, चुकीच्या तेलातून किंवा बुजलेल्या ब्रीदरमधून, म्हणजे केसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, आलेली असते, आणि हे सर्व केस जागेवर ठेवून तपासता येते. म्हणून पुढील मजकुरात बाहेरच्या तपासणीला अधिक जागा दिली आहे आणि खोलण्याचे काम शेवटी ठेवले आहे.

येथे दिलेली मापे स्पायसर १८ या ट्रान्सफर केसची आहेत. १९४१ ते १९४५ या काळात तयार झालेल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपमध्ये हीच केस होती. त्या दोन्ही मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बनल्या, आणि अमेरिकी सैन्याच्या कागदोपत्री त्या जीप नव्हत्याच. त्यांची नोंद पाव टनी, फोर बाय फोर ‘ट्रक’ अशी होती. युद्धानंतर आलेल्या सीजे-२ए, सीजे-३ए, सीजे-३बी या नागरी गाड्या आणि एम३८, एम३८ए१ या लष्करी गाड्या यांच्यातही किरकोळ फरकाने हीच रचना राहिली. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीजच्या गाड्या जोडायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी येथेच बनू लागली, त्यामुळे लष्कराच्या लिलावातून आलेल्या आणि आज महाराष्ट्रात फिरणाऱ्या जुन्या जीपखाली बहुधा हीच केस सापडते. जबलपूरला बनलेल्या शक्तिमानसारख्या मोठ्या ट्रकांना तपासणीचा हा क्रम उपयोगी पडेल. मापे मात्र त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावीत.

ही केस मुळातच गरम का चालते

पुढच्या काळातील अनेक ट्रान्सफर केसमध्ये टू व्हील हायला (फक्त मागच्या चाकांवर, नेहमीच्या वेगात चालताना) गिअरबॉक्सची शक्ती सरळ मागच्या प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे एक्सलकडे शक्ती नेणाऱ्या लांब दांड्याकडे, जाते आणि इतर गिअर जवळजवळ निवांत असतात. स्पायसर १८ मध्ये अशी सवलत नाही. मागचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या रेषेत नसून बाजूला सरकलेला असल्यामुळे शक्तीला आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील गिअर, मग मधला गिअर आणि मग आउटपुट शाफ्टवरील गिअर अशी वाट चालावी लागते. हायचे प्रमाण एकास एक असले तरी दातांच्या दोन जोड्या सतत भाराखाली फिरत असतात. मधला गिअर सुईसारख्या रोलरांवर एका स्थिर शाफ्टभोवती फिरतो आणि हे सर्व सुमारे दीड क्वार्ट, म्हणजे १.४ लिटर तेलात चालते. एवढे थोडे तेल, एवढे अखंड काम आणि थंड करण्यासाठी केवळ केसच्या ओतीव लोखंडावरून वाहणारी हवा, हे लक्षात घेतले म्हणजे केस हाताला गरम लागण्याचे आश्चर्य वाटत नाही.

त्यात वेगाचा हिशेब मिळवावा. ६.००-१६ चा टायर एका फेरीत सुमारे २.२ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ४५५ फेरे घेते, आणि सीजे-३बीच्या मागच्या एक्सलचे प्रमाण (चाकाच्या एका फेरीला शाफ्टचे फेरे) ५.३८ असल्याने आउटपुट शाफ्ट सुमारे २,४५० फेरे घेतो. ताशी ८० ला हाच आकडा ३,२५० च्या आसपास जातो. तेल घुसळण्यात वाया जाणारी शक्ती वेगाच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढते. जुन्या जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवले जाते, ते इंजिन ८० चा वेग सहज देते, आणि मग मालक तक्रार करतो की पूर्वी न तापणारी केस आता तापते. अशा गाडीला ६० ते ६५ च्या वेगात पन्नासेक किलोमीटर चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे, आणि तो आधी करावा.

किती गरम म्हणजे जास्त गरम

हाताचा अंदाज येथे निरुपयोगी आहे, कारण ६० अंश सेल्सिअसचे लोखंडही हाताला धरवत नाही आणि ६० अंश हे या केससाठी अगदी सामान्य तापमान आहे. इन्फ्रारेड तापमापक आता फारसा महाग नाही, तो घ्यावा. त्यात एक मेख अशी की चकचकीत किंवा चंदेरी रंगाच्या पृष्ठभागावर तो चुकीचे, बहुधा कमी, तापमान दाखवतो. म्हणून केसवर चार ठिकाणी रुपयाएवढे मॅट काळ्या रंगाचे ठिपके द्यावेत: पुढच्या बेअरिंगच्या टोपीवर, मागच्या बेअरिंगच्या टोपीवर, तळाच्या झाकणावर आणि हँडब्रेकच्या ड्रमच्या कडेवर. ड्रमवर ठिपका देताना रंग लायनरपर्यंत (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरापर्यंत) जाणार नाही याची काळजी घ्यावी.

तापमापक नसेल तर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब पसरून हळूहळू वाळला तर केस शंभर अंशांच्या खाली आहे. चर्र आवाज करून उडाला तर ती शंभराच्या वर आहे. बाहेर ३५ अंशांचे ऊन असताना आणि तासभर हमरस्त्यावर गाडी चालवल्यानंतर ८० ते ९० अंश दिसले तर मी काळजी करत नाही. ११० च्या पुढे गेले तर गाडी थांबवतो, कारण त्यापुढे तेल आणि ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारे कडे) दोन्ही लवकर म्हातारी होतात. मात्र एकट्या आकड्यापेक्षा चार ठिपक्यांमधला फरक जास्त बोलका असतो. चारही ठिकाणी जवळपास सारखे तापमान असेल तर कारण तेल, वेग किंवा भार यांत शोधावे. एकच ठिपका इतरांपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी वर असेल तर दोष त्या जागी आहे.

पहिला संशयित: हँडब्रेक

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, आउटपुट शाफ्टच्या योकवर (प्रॉपेलर शाफ्ट जोडण्याच्या टोकावर) बसवलेल्या ड्रमवर काम करतो. युद्धकाळातील गाड्यांवर ड्रमला बाहेरून आवळणारा पट्टा होता. नंतर आतून फाकणारे लायनर आले. रचना कोणतीही असली तरी ड्रम प्रॉपेलर शाफ्टच्या वेगाने फिरतो, म्हणजे ताशी ६० ला मिनिटाला २,४५० फेरे. चाकाच्या ब्रेकमध्ये थोडेसे घासणे कदाचित खपून जाईल. येथे तेच घासणे पाचपटीहून अधिक फेऱ्यांनी गुणले जाते आणि त्याची सारी उष्णता योक आणि शाफ्टमार्फत थेट मागच्या बेअरिंगमध्ये शिरते.

माझ्या ३बीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोहोचल्यावर करपलेल्या तेलाचा वास आला, खाली वाकून पाहिले तर ड्रमच्या खालच्या कडेवर ओले काळे तेल चकाकत होते, आणि तापमापकाने ड्रमवर १४८ तर पुढच्या बेअरिंगच्या टोपीवर केवळ ८६ दाखवले. केस निर्दोष होती. घडले ते असे: मागचे ऑइल सील थोडे गळत होते, त्याचे तेल लायनरवर गेले, तेलकट लायनर उतारावर गाडी धरेना, म्हणून मीच अॅडजस्टर दोन घर आवळला. आवळलेला लायनर चालत्या गाडीत घासू लागला, त्या उष्णतेने सीलचा ओठ कडक झाला, गळती वाढली, ब्रेक आणखी घसरला आणि मी तो आणखी आवळला. या चक्रात अडकलेल्या किती जीपच्या केस विनाकारण खोलल्या गेल्या असतील, कोण जाणे.

तपासणीपूर्वी एक सूचना अक्षरशः जिवाची आहे. हा ब्रेक प्रॉपेलर शाफ्ट धरतो, चाक धरत नाही. मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) दुसरे चाक फिरायला मोकळे होते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढला तर हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. म्हणून गाडी सपाट जागी घ्यावी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी जॅकच्या भरवशावर न सोडता मजबूत घोड्यांवर (स्टँडवर) टेकवावी.

मग मागची दोन्ही चाके अधांतरी करून, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला ठेवून, मागचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवावा. तो जड पण एकसारखा फिरला पाहिजे. ठरावीक जागी अडून पुढे जात असेल तर ड्रम लंबगोल झालेला आहे. सतत घासत असेल तर केबल लिव्हरपासून सोडवून पुन्हा फिरवावा. केबल सोडताच शाफ्ट मोकळा झाला तर दोष नळीत गंजलेल्या केबलचा आहे, ती बदलावी किंवा निदान उतरवून साफ करून ग्रीस भरून लावावी. तरीही घासत असेल तर परतीची स्प्रिंग आणि अॅडजस्टर पाहावा. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन परत लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. गरम झाल्यावर आत मुरलेले तेल पुन्हा वर येते, त्यामुळे लायनर बदलावेत आणि त्याआधी सील बदलावे.

टायर, एक्सल आणि फोर बाय फोरचा लिव्हर

स्पायसर १८ मध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर बाय फोर लागले की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. चिखलात, वाळूत किंवा सैल मुरुमावर चाके थोडी घसरून हा हिशेब जुळवून घेतात, पण कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत आणि ताण गिअरच्या दातांत साठत जातो. लिव्हर बाहेर निघता निघेना, ही त्याची खूण. अशा वेळी लिव्हरवर पाय न देता गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यावी. ताण सुटतो आणि लिव्हर सहज येतो. डांबरावर फोर बाय फोर लावू नये हा नियम सर्वांना माहीत असतो, पण लिव्हरची सांधेपट्टी झिजल्यामुळे तो ‘बाहेर’ दिसत असताना आतला गिअर अर्धवट अडकलेला राहू शकतो, हे कमी जणांना माहीत असते. वळण घेताना स्टिअरिंग जड लागत असेल तर हे तपासावे.

टायरांची तफावत खडूने मोजता येते. चारही टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरावी, पुढच्या आणि मागच्या एकेका टायरवर व त्यांच्याखाली जमिनीवर खडूची रेघ मारावी, गाडी सरळ ढकलत प्रत्येक टायरच्या बरोबर दहा फेऱ्या मोजाव्यात आणि दोन्ही अंतरे टेपने मोजावीत. दहा फेऱ्यांना साधारण २२ मीटर येतात. दोन अंतरांत २२ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक टक्का, आणि एक टक्का म्हणजे फोर बाय फोरमध्ये प्रत्येक किलोमीटरला दहा मीटर कुठेतरी घसरणे किंवा पिळवटणे. एका एक्सलवर नवे ७.०० आणि दुसऱ्यावर झिजलेले ६.०० बसवलेल्या जीप मी पाहिल्या आहेत. त्यांच्या केसला दोष देणे अन्यायाचे आहे.

वेगवेगळ्या गाड्यांचे भाग जोडून बनवलेल्या जीपमध्ये आणखी एक रोग सापडतो: पुढचा एक्सल एका गाडीचा आणि मागचा दुसऱ्या गाडीचा. एमबीचे प्रमाण ४.८८ आणि ३बीचे ५.३८ असल्याने असे मिश्रण फोर बाय फोर लावताच केसचा जीव घेते. तपासायला डिफरन्शियल उघडावे लागत नाही. मागचे एकच चाक उचलावे, दुसरे जमिनीवर राहू द्यावे, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला ठेवावा (ठोकळे लावलेले असले पाहिजेत), उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने केलेल्या खुणेचे फेरे मोजावेत. पाचाला किंचित कमी आले तर ४.८८, पाच पूर्ण होऊन वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त आले तर ५.३८. मग ठोकळे मागच्या चाकांना लावून, फोर बाय फोरचा लिव्हर बाहेर ठेवून आणि फ्री व्हील हब (पुढची चाके एक्सलपासून मोकळी करता येणारे हब) असतील तर ते लॉक करून पुढच्या एक्सलवर हेच करावे.

फ्री व्हील हबबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. पुढच्या आउटपुट शाफ्टचे आतले टोक मागच्या आउटपुट शाफ्टच्या टोकातील एका छोट्या बुशमध्ये टेकलेले असते. हब लॉक असताना, किंवा हब नसलेल्या मूळ गाडीत, पुढचा शाफ्ट चाकांमुळे मागच्याइतक्याच वेगाने फिरतो आणि त्या बुशला काही घासणे सोसावे लागत नाही. हब मोकळे केले की पुढचा शाफ्ट थांबतो, मागचा फिरत राहतो आणि वेगाचा सारा फरक त्या बुशवर येतो. इंधन वाचवायला बसवलेल्या हबमुळे तेल कमी असलेल्या केसमधले ते बुश कोरडे पडून चिकटू शकते. म्हणून अशा गाडीत दर आठवड्याला काही किलोमीटर हब लॉक करून आणि लिव्हर टू व्हीलमध्ये ठेवून गाडी चालवावी, आणि तेलाच्या पातळीबाबत हयगय करू नये.

तेल

गाडी सपाट जागी घ्यावी आणि आधी भरण्याचे बूच उघडावे, मगच तळाचे. हा क्रम चुकवून तळाचे बूच आधी काढले आणि नंतर भरण्याचे बूच गंजून बसलेले निघाले, तर रिकामी केस घेऊन जागेवरच बसावे लागते. तेल काढण्यापूर्वी गाडी पाच-सात किलोमीटर चालवावी, म्हणजे तळाला बसलेला गाळही बाहेर येतो.

निघालेले तेल स्वच्छ पांढऱ्या किंवा चकचकीत परातीत घ्यावे आणि उन्हात पाहावे. लोहचुंबकाला चिकटणारी राखाडी, लोण्यासारखी बारीक पूड जुन्या केसमध्ये असणारच. दाताचे कपचे किंवा मोडक्या सुईसारखे तुकडे दिसले तर मधल्या गिअरचे रोलर तुटत आहेत आणि गाडी त्याच दिवशी थांबवावी. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक म्हणजे कांशाचे थ्रस्ट वॉशर (गिअरच्या बाजूला बसणाऱ्या चकत्या) झिजत आहेत. तेल ताकासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, आणि त्याचे कारण बहुधा पुढे सांगितलेल्या ब्रीदरमध्ये सापडते.

मूळ गाड्यांसाठी साधे खनिज ९० नंबरचे गिअर ऑइल सांगितलेले होते. आज मी जीएल-४ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० वापरतो. जीएल-५ वर छापलेला मोठा आकडा पाहून ते अधिक चांगले समजून घेतले जाते. पण त्यात अति दाबासाठी असलेली गंधक-फॉस्फरसची रसायने जास्त असतात आणि ती गरम झाल्यावर पितळ व कांशाला त्रास देऊ शकतात. या गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझरच्या कड्या आणि केसचे थ्रस्ट वॉशर पिवळ्या धातूचे आहेत, त्यामुळे हा धोका विनाकारण पत्करू नये. गिअरबॉक्स आणि केस यांची बुचे वेगळी असली तरी मधल्या बेअरिंगमधून तेल इकडून तिकडे झिरपते, म्हणून दोन्हीकडे एकच तेल भरावे. दर पाचशे किलोमीटरला दोन्ही बुचे उघडून पाहावे; एकाची पातळी वाढत आणि दुसऱ्याची घटत असेल तर झिरपणे जास्त आहे.

पातळी भरण्याच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असावी, बोट घातले तर टोक बुडावे इतकी. ‘तापते म्हणून थोडे जास्त भरले’ हा उपाय उलटा आहे: जास्तीचे तेल घुसळले जाते, फेसाळते, आणि फेसाळलेले तेल ना उष्णता नेते ना दातांवर थर धरते.

ब्रीदर आणि चिखल

केसमधली हवा ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली की ती सुमारे एक पंचमांशाने फुगू पाहते. तिला बाहेर जाण्यासाठी वरच्या भागात छोटा ब्रीदर असतो. तो बुजला तर दाब सीलवर येतो, तेल सीलच्या ओठातून बाहेर ढकलले जाते, पातळी घटते आणि उरलेले तेल जास्त तापते. उलट, अशी गरम केस ओढ्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीची चेसिस रंगवताना ब्रीदरवरही सुंदर काळा रंग मारला गेला होता. दोन महिने मी नवी सीले बदलत होतो. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवावा आणि तोंडाने फुंकर मारून पाहावा, एवढेच काम आहे.

तळाच्या संरक्षक पत्र्यावर साचलेल्या चिखलाकडेही लक्ष द्यावे. पावसाळ्यात लागलेली कोकणातील तांबडी माती हिवाळ्यात विटेसारखी कडक होते आणि केसच्या तळाला गोधडीसारखी लपेटून बसते. ती खरवडून काढल्यावर तापमानात पडणारा फरक स्वतः मोजून पाहावा. नंतर बदललेला सायलेन्सर केसला चिकटून गेला असेल तर त्याला दूर करावे किंवा मध्ये पत्र्याची ढाल घालावी.

खोलायचे ठरलेच तर

वरील सर्व पाहून झाल्यावरही मागच्या किंवा पुढच्या बेअरिंगचा ठिपका एकटाच वर राहत असेल, किंवा तेलात रोलरचे तुकडे वा सोनेरी चमक असेल, तर केस उघडावी. येथेही ती गाडीतून उतरवण्याची गरज बहुधा पडत नाही. तळाचे झाकण काढले की मधला गिअर डोळ्यांसमोर येतो. तो हाताने वरखाली हलवून पाहावा. खडखड जाणवली तर मागची लॉकपट्टी काढून शाफ्ट ठोकून बाहेर काढावा. हा शाफ्ट युद्धकाळातील गाड्यांत पाऊण इंच जाडीचा होता, नंतर १ १/८ इंच आणि पुढे १ १/४ इंच झाला. यावरूनच ही जागा किती नाजूक होती ते कळते. सुटे भाग मागवण्यापूर्वी आपला शाफ्ट व्हर्नियरने मोजावा, कारण दुकानदार ‘जीपचा’ म्हणून यांपैकी कोणताही देईल. शाफ्टवर नखाला लागणारी चर असेल तर शाफ्ट, रोलर आणि थ्रस्ट वॉशर एकत्रच बदलावेत. वॉशरचा कान केसमधल्या खाचेत बसलेला असतो. तो मोडून वॉशर गिअरबरोबर फिरू लागला असेल तर सोनेरी चमकेचे कारण तेच. जोडताना रोलर ग्रीसमध्ये चिकटवून, शाफ्टच्याच जाडीच्या आखूड दांड्यावर धरून बसवावेत, नाहीतर शेवटचा रोलर तळाच्या परातीत पडलेला नंतर सापडतो.

आउटपुट शाफ्टची दोन टेपर रोलर बेअरिंग मात्र सर्वांत जास्त काळजी मागतात, आणि दुरुस्तीनंतर पूर्वीपेक्षा जास्त तापणाऱ्या केसमध्ये दोष बहुधा येथेच केलेला असतो. या शाफ्टला पुढे-मागे सरकण्यासाठी ०.००४ ते ०.००८ इंच, म्हणजे ०.१० ते ०.२० मिलिमीटर, मोकळीक हवी. ती मागच्या बेअरिंगच्या टोपीखालील, म्हणजे स्पीडोमीटरच्या गिअरचे घर असलेल्या टोपीखालील, शिमच्या (पातळ पत्र्याच्या चकत्यांच्या) जाडीने ठरते. ‘प्ले (म्हणजे ही मोकळीक) काढून टाकला’ असे मिस्त्री अभिमानाने सांगतो तेव्हा त्याने शिम काढलेल्या असतात. प्ले शून्याखाली गेला की बेअरिंग दाबून फिरते, आणि गरम होऊन शाफ्ट लांबला की आणखी दाबते.

माप घेण्याची रीत अशी. प्रॉपेलर शाफ्ट, ड्रम, ब्रेकची पाटी आणि स्पीडोमीटरची केबल काढावी. स्पीडोमीटरचा गिअर कोणत्या क्रमाने बसला आहे याचा फोटो काढून ठेवावा. टोपी आणि केसची तोंडे पूर्ण साफ करावीत, कारण जुन्या सीलंटचा एक पापुद्राही शिमचेच काम करतो. मग एकही शिम न घालता टोपी लावावी, योकचा नट पूर्ण आवळावा, आणि शाफ्ट हाताने फिरवत फिरवत टोपीचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे. शाफ्टची मोकळीक संपली पण तो अजून हलका फिरतो आहे, त्या क्षणी थांबावे. शाफ्टच्या दोन्ही टोकांवर पितळी हातोडीने एकेक टोला द्यावा म्हणजे बेअरिंगचे कप जागेवर बसतात, आणि बोल्ट पुन्हा तपासावेत. आता टोपी आणि केस यांच्या मधली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) चार ठिकाणी मोजावी. चारही मापे सारखी आली नाहीत तर टोपी वाकडी ओढली गेली आहे, पुन्हा करावे. फट समजा ०.०२२ इंच आली, तर त्यात हवी ती मोकळीक मिळवून ०.०२६ ते ०.०३० इंच जाडीच्या शिम लावाव्यात.

शिम लावून टोपी पूर्ण आवळल्यावर डायल गेज चुंबकी पायावर केसला चिकटवावा, त्याचा काटा शाफ्टच्या टोकाला टेकवावा आणि शाफ्ट पुढे-मागे ढकलून माप पडताळावे. नव्या बेअरिंगला मी ०.००६ च्या आसपास ठेवतो. सील लावताना ओठाला तेल लावावे आणि योकच्या ज्या जागेवर ओठ घासतो तिथे चर पडली असेल तर योकही बदलावा, अन्यथा नवे सील महिनाभरात गळू लागते आणि हँडब्रेकचे ते जुने चक्र पुन्हा सुरू होते.

जोडणीनंतर नवे तेल भरून पहिले वीस किलोमीटर ५० च्या वेगाने जावे आणि चारही ठिपके मोजावेत. मागची टोपी पुढच्या टोपीपेक्षा वीस अंशांहून अधिक वर असेल आणि ड्रम थंड असेल, तर एक पातळ शिम आणखी घालावी. तसे नसेल तर आणखी तीसेक किलोमीटर चालवून तेलाची पातळी आणि टोपीचे बोल्ट पाहावेत, आणि शिमची एकूण जाडी, मिळालेला प्ले व तारीख गाडीच्या वहीत लिहून ठेवावी.